दोन सूत जाडीचा उजेड

काचेची जाडी आमच्या घरात सुतात मोजत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खिडकीला दीड सूत, शोकेसला दोन सूत, फोटोला त्याहून कितीतरी पातळ. पुढे बाजारात एमएम आले, बिलावरही एमएम लिहिलं जाऊ लागलं, पण अण्णांच्या तोंडी सूतच राहिलं. साताऱ्यातल्या एका बोळात त्यांचं फोटो फ्रेमिंगचं आणि काचकामाचं दुकान होतं. काचेवर पट्टी धरून ते हिऱ्यानं रेघ ओढत, एकदाच. त्याच रेघेवरून परत गेलं की काच भलतीकडे फुटते. मग टेबलाच्या कडेला धरून हलका दाब. टक्.

गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची. देवांचे फोटो, लग्नांचे फोटो आणि गेलेल्यांचे फोटो. गेलेल्यांचं काम तातडीचं असायचं, बाराव्या-तेराव्याच्या आत फोटो भिंतीवर लागायला हवा. त्या कामाला अण्णांनी कधी घासाघीस केली नाही. कुणाच्या घरी खिडक्यांच्या काचा बसवायच्या असल्या की सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर जायचे, हाताशी म्हणून.

आता दुकान नाही. अण्णांना काचबिंदू झाला. ध्यानात आलं तोवर कडेची नजर गेली होती. मधल्या तुकड्यातून जेवढं जग दिसतं तेवढ्यावर ते राहतात. वाचणं अवघड, म्हणून संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. वर्तमानपत्र, कधी पुस्तक. एकदा कपाटातून इंग्रजी विज्ञानकथांचा जुना संग्रह निघाला आणि त्यातली एक गोष्ट मी वाचता वाचता मराठीत सांगायला घेतली. निवडली ती एवढ्याचसाठी, की ती काचेची गोष्ट होती.

बॉब शॉ यांची ‘लाइट ऑफ अदर डेज’. ‘अ‍ॅनालॉग’ या अमेरिकन मासिकाच्या ऑगस्ट १९६६ च्या अंकात ती आली, जॉन कॅम्बेल संपादक असताना. नाव आयरिश कवी टॉमस मूरच्या एका कवितेतल्या ओळीतलं. रात्री झोप लागण्याआधी स्मृती जुन्या दिवसांचा उजेड भोवती आणून ठेवते, अशा अर्थाची ती ओळ. शॉ यांनी ती शब्दशः खरी करून दाखवली.

गोष्ट लहान आहे, एका बैठकीत संपते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, समुद्र आत शिरून झालेल्या खाडीच्या बाजूनं एक जोडपं गाडीतून चाललंय. गार्लंड आणि त्याची बायको सेलिना. तिला दिवस गेलेत. दोघांनी ते ठरवलेलं नव्हतं, आणि त्यावरून एकमेकांना टोचून बोलणं चाललंय. वाटेत त्यांना संथ काचेची शेती दिसते. डोंगरउतारावर काचेची तावदानं खाडीकडे तोंड करून उभी केलेली आहेत. या काचेतून उजेडाला पलीकडे पोहोचायला दहा वर्षं लागतात. नवी काच काळीकुट्ट असते. ती दहा वर्षं रम्य जागेसमोर उभी ठेवायची, मग काढून शहरातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत बसवायची. पुढची दहा वर्षं त्या खोलीच्या खिडकीत खाडी, धुकं, डोंगर आणि पक्षी. चित्र नव्हे, खराच उजेड, फक्त उशिरा आलेला.

इथं अण्णांनी मला थांबवलं. “जाडी किती?”

मी म्हटलं, समजा दोन सूत.

त्यांनी मनात हिशेब केला असावा. मीही नंतर केला. पाव इंच ओलांडायला दहा वर्षं, म्हणजे वर्षाला जेमतेम पाऊण मिलिमीटरच्याही आत. हाताचं नख महिन्याला तीनएक मिलिमीटर वाढतं. शॉ यांच्या काचेतला उजेड नखापेक्षा पन्नास-साठ पटींनी हळू चालतो. आपल्या साध्या खिडकीच्या काचेतही उजेड थोडा मंदावतोच, सेकंदाला तीन लाख किलोमीटरचा दोन लाखांवर येतो, पण ते कुणाच्या डोळ्यांना कळणार? शॉ यांनी निसर्गातली खरी गोष्ट घेतली आणि फक्त ताणली. त्यांच्या बऱ्याच चांगल्या कथांची रीत हीच आहे. एकच खरी गोष्ट घ्यायची, ती कुठवर ताणता येते ते बघायचं, आणि एकदा ताणल्यावर स्वतःसाठीही सवलत घ्यायची नाही.

शेतावर हॅगन नावाचा माणूस घरासमोरच्या बुटक्या भिंतीवर बसलाय, घराकडे बघत. खिडकीत एक तरुण बाई आणि एक लहान मुलगा दिसतात. हॅगन पाहुण्यांना घरात बोलावत नाही. थंडीत त्यांना भिंतीवरच बसवतो, अंगावर घ्यायला घोंगडी देतो. खिडकीतली बाई पाहुण्यांची दखल घेत नाही, आपल्याच कामात असते. सेलिनाची नजर मात्र त्या मुलावरून हलत नाही. हॅगन काच आणायला वर जातो, पाऊस येतो, घोंगडी भिजू नये म्हणून हे दोघं घराचं दार उघडतात. आत कुणी नाही. नुसती ओल, पसारा, एकट्या माणसाच्या राहणीचा कुबट वास. खिडकी संथ काचेची आहे. बाई आणि मूल सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेले. गाडीवाला थांबलासुद्धा नव्हता.

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारलं ते मला आजवर वाचलेल्या कुठल्याही समीक्षेत सापडलं नव्हतं. “काच घराच्या भिंतीत होती ना? मग ते आतलं चित्र बाहेरूनच दिसणार. तो माणूस घरात गेला की त्याला बायको दिसायची नाही.”

मी ती गोष्ट तोवर चार वेळा तरी वाचली होती. हॅगन भिंतीवर बसतो हे मला माहीत होतं. तो बसतो ते स्वभाव म्हणून, दुःख म्हणून, असंच मी समजत होते. काच बसवणाऱ्या माणसाला पहिल्याच ऐकण्यात कळलं की त्याला दुसरी जागाच नाही. आतला उजेड काचेच्या आतल्या अंगानं शिरला, वर्षानुवर्षं दोन सुतात चालत राहिला आणि बाहेरच्या अंगानं निघतोय. घर हवं असेल तर घराबाहेर बसावं लागतं. थंडीत आणि पावसातही. आत गेलं की ते घर उरत नाही.

आणि काच दोन्ही अंगांनी सारखीच संथ असेल, तर आतून काय दिसत असेल? जुनं अंगण. वर्षांपूर्वीची ऊनपावसं, आणि कदाचित वाटेनं घराकडे येणारा तरुण हॅगन, ज्याला घरात आपली वाट बघणारं कुणीतरी आहे हे माहीत होतं. गोष्टीत हे लिहिलेलं नाही. पण काचेचे नियम शॉ यांनी इतके चोख आखलेत की वाचणारा त्यांच्या पुढे चार पावलं जाऊ शकतो आणि तरी वाट चुकत नाही. लेखक विश्वासाचा असला की हे होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोक्यात हेच, की बायको जिवंत असताना, काच नवी असताना, हॅगन बाहेर काम करत असेल आणि तिनं खिडकीतून हात हलवला असेल, तर त्याला तो दिसलाच नाही. काच काळी होती. तो हात आता पोहोचतोय.

शॉ बेलफास्टचे. जन्म ३१ डिसेंबर १९३१, वडील पोलिसात. शिक्षण तिथल्या टेक्निकल हायस्कूलमध्ये. मग पोलादी सांगाड्यांची आणि विमानांची रेखाटनं करण्याची नोकरी, मधे दोनेक वर्षं कॅनडा, परत बेलफास्ट, शॉर्ट ब्रदर्स अँड हार्लंड ही विमान कंपनी, मग ‘बेलफास्ट टेलिग्राफ’मध्ये पत्रकारी. विज्ञानकथा लिहिणारे बरेच ब्रिटिश लेखक विद्यापीठातून आले; हा माणूस ड्रॉइंग बोर्डावरून आला, आणि ते त्यांच्या लेखनात जाणवतं. वस्तू कशी जोडली आहे, कुठं ताण येईल, काय आधी तुटेल, याकडे त्यांचं लक्ष असतं.

तरुणपणी ते बेलफास्टमधल्या विज्ञानकथाप्रेमींच्या एका छोट्या टोळक्यात होते. वॉल्ट विलिस हा त्यातला मोठा गडी, आणि पुढे लेखक म्हणून नाव काढलेले जेम्स व्हाइटही त्यात. विलिसच्या घरी जमायचं, हौशी अंक काढायचे, छपाईचे खिळे जुळवून किंवा डुप्लिकेटरवर प्रती फिरवून. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल अनियतकालिकांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांना ती शाई लागलेली बोटं लगेच डोळ्यांसमोर येतील. विलिस आणि शॉ यांनी १९५४ मध्ये मिळून लिहिलेलं ‘द एन्चांटेड डुप्लिकेटर’ हे त्या हौशी जगाचं रूपक आहे. एक मुलगा सर्वोत्तम अंक काढण्यासाठी खडतर प्रवासाला निघतो, वाटेत त्याला आळस, बढाई, कंटाळा भेटत राहतात. त्याच वर्षी शॉ यांची पहिली कथा ग्लासगोच्या ‘नेब्युला’ मासिकात छापली गेली. काही कथांनंतर मात्र त्यांनी लिहिणं थांबवलं आणि बरीच वर्षं थांबवलेलंच ठेवलं.

या थांबण्याबद्दल मला आदर वाटतो. संथ काचेची कल्पना सुचली तेव्हा त्यांनी ती लगेच गोष्टीत ओतली नाही. नुसती करामत म्हणून ती कुठल्याही मासिकानं घेतली असती. शॉ कल्पना घेऊन बसून राहिले, तिला माणसं मिळेपर्यंत. माणसं मिळाल्यावर गोष्ट भराभर झाली. काचेचं विज्ञान तिच्यात मोजक्या ओळींत उरकलंय. बाकी सगळं दोन नवराबायकोंच्या मधलं आहे. एका जोडप्याकडे येणारं मूल आहे आणि ते त्यावरून भांडतंय. दुसऱ्याकडे मूल नाही, बायको नाही, फक्त खिडकी आहे. शॉ हे शेजारी-शेजारी ठेवतात आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

गोष्टीला ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथांच्या दोन्ही मोठ्या पुरस्कारांची नामांकनं मिळाली. (हा नेब्युला त्या ग्लासगोच्या मासिकाहून वेगळा.) दोन्ही पुरस्कार दुसऱ्यांना गेले. शॉ यांना ह्यूगो मिळाले ते १९७९ आणि १९८० ला, आणि तेही हौशी लेखनासाठी. जगभर संग्रहांतून फिरत असलेली ही कथा बक्षिसाविना राहिली. २००० साली आर्थर क्लार्क आणि स्टीफन बॅक्स्टर यांनी आपल्या कादंबरीला हेच नाव दिलं, शॉ यांची आठवण ठेवून. तोवर शॉ जाऊन चार वर्षं झाली होती.

डोळा हा त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतो. एका आजारात त्यांची दृष्टी जवळजवळ जायची वेळ आली होती आणि अर्धशिशीमुळे आयुष्यभर नजरेसमोर विकृती यायच्या. पहिल्या कादंबरीत, १९६७ च्या ‘नाइट वॉक’मध्ये, नायकाला आंधळं केलं जातं आणि तो इतर प्राण्यांच्या, माणसांच्या डोळ्यांतून बघायची युक्ती काढतो. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “त्याला पण काचबिंदू होता का?” नव्हता. पण काचबिंदू या शब्दात काच आहे हे माझ्या आधी कधी मनात आलं नव्हतं. शब्द रोजच्या वापरात गेला की आतलं दिसेनासं होतं.

संथ काच शॉ यांनी सोडली नाही. १९६७ च्या ‘बर्डन ऑफ प्रूफ’मध्ये एक न्यायाधीश आहे. परिस्थितिजन्य पुराव्यावर त्यानं एका माणसाला मृत्युदंड दिला, शिक्षा अमलातही आली. पण गुन्हा घडला तिथं संथ काचेचं तावदान होतं, आणि काही वर्षांनी त्यातून त्या रात्रीचा उजेड बाहेर पडणार आहे. सगळ्यांना तारीख माहीत आहे. गर्दी जमते. न्यायाधीशही येऊन उभा राहतो. साक्षीदार येणार हे ठाऊक असताना निकाल द्यावा लागणं, यापेक्षा अवघड खुर्ची मला सुचत नाही.

मग १९७२ ला ‘अदर डेज, अदर आइज’ ही कादंबरी आली. तिच्यात या काचेचा शोध लावणाऱ्या गॅरडची गोष्ट आहे आणि मूळ कथा मधेमधे बसवल्या आहेत. मला ती कादंबरी कथेच्या उंचीची वाटत नाही. काच व्यापारात जाते, राजकारणात जाते आणि हॅगनची भिंत मागे पडते. तरी दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक म्हणजे गॅरडची आंधळी झालेली बायको. डोळ्यांच्या जागी संथ काचेच्या चकत्या घालून ती बघते, एक दिवस उशिरा. नवऱ्याचा कालचा दिवस तिला आज दिसतो. दुसरी म्हणजे शेवट. संथ काचेची बारीक धूळ विमानांतून देशभर फवारली जाते. प्रत्येक कण बघतोय, आणि कण गोळा करणारा कधीही मागचं बघू शकतो. हॅगनला ज्या काचेनं बायको-मूल थोडा काळ परत दिलं, तीच काच पुढे कुणाला दार लावून एकटं बसू देत नाही. हे लिहिलं गेलं तेव्हा रस्त्यारस्त्यावर कॅमेरे नव्हते.

ते वर्ष १९७२ होतं आणि गाव बेलफास्ट, हेही मनातून जात नाही. उत्तर आयर्लंडच्या यादवीतलं ते सगळ्यात रक्ताळलेलं वर्ष, जवळपास पाचशे माणसं त्यात गेली. बॉम्ब फुटत होते, रस्त्यांवर काचांचे खच पडत होते. पुढच्याच वर्षी शॉ बायको आणि तीन मुलांना घेऊन इंग्लंडला गेले. एका जहाजबांधणी कंपनीत प्रसिद्धीचं काम केलं आणि १९७५ पासून पूर्णवेळ लेखक झाले. त्याच वर्षीच्या ‘ऑर्बिट्सव्हिल’मध्ये ताऱ्याला वेढून टाकणारा एक अवाढव्य पोकळ गोल आहे, माणसांना कितीही घरं बांधली तरी जागा संपू नये एवढा. गाव सोडलेल्या माणसानं लिहिलेली जागा. १९८६ च्या ‘द रॅगेड अ‍ॅस्ट्रोनॉट्स’मध्ये दोन जुळे ग्रह एकाच हवेत गुंफलेले आहेत आणि लोक एका ग्रहावरून दुसऱ्यावर चक्क फुग्यातून जातात. दोन्हींना ब्रिटिश विज्ञानकथा संघटनेचा पुरस्कार मिळाला. १९९१ ला त्यांची पत्नी अचानक गेली. पुढं त्यांनी पुन्हा लग्न केलं, काही काळ अमेरिकेत राहिले, शेवटच्या दिवसांत इंग्लंडला परतले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये गेले.

नंतर तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, लेने हाऊ या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत सोडियमच्या अतिथंड ढगातून उजेड सेकंदाला सतरा मीटर एवढ्या वेगानं नेला. आपल्या एसटीचा वेग. तो ढग ज्या अवस्थेत होता तिचं नाव बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट, म्हणजे तिच्या नावात आपले सत्येंद्रनाथ बोस आहेत. त्यांनी १९२४ ला मांडलेल्या गणितातून ती कल्पना निघाली. २००१ मध्ये उजेड क्षणभर थांबवून परत सोडणंही जमलं. शॉ यांनी हे वाचायला हवं होतं असं मला फार वाटतं. खिडकी अजून फार लांब आहे, पण ड्रॉइंग बोर्डावरच्या माणसाला पहिला खिळा ठोकल्याचा आवाज ओळखू आला असता.

अण्णांना मी हे सगळं सांगत गेले, रोज थोडं. त्यांना कादंबऱ्यांत रस नव्हता, फुग्यांच्या ग्रहात थोडा होता. हॅगनकडे मात्र ते परत परत येत. एकदा म्हणाले, ती काच पुसायला लागत असेल, खाडीचं वारं खारं असतं. एकदा म्हणाले, पुटी वाळून पडली तर काढून परत बसवताना तो घाबरत असेल. आणि मागच्या आठवड्यात, चहा घेताना, काही विषय नसताना:

“खिडकी केवढी होती म्हणालीस?”

मी म्हटलं, धरा चार बाय चार.

“चार बाय चारची दोन सुती काच बावीस-तेवीस किलो भरते. एकट्यानं बसत नाही ती. बाहेरून एक जण पट्टी ठोकणार, आतून एक जण धरणार.”

मला माहीत होतं. सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा आतून धरायचं काम माझंच असायचं. ते बाहेर, तोंडात खिळे, हातात हातोडी. मी आत, तळवे काचेला टेकवलेले, नाक जवळजवळ लागलेलं.

“मग त्या घरात आतून कोणी धरली असंल?” अण्णा म्हणाले.

म्हणजे आतल्या अंगानं काचेत शिरलेला पहिला उजेड तिचा. वर्षानुवर्षं खिडकी काळी. तोवर ती दोघं गेलेली. आणि मग एका दिवशी, भिंतीवर बसलेल्या हॅगनसमोर ती काळी काच उघडली असेल तेव्हा सगळ्यात आधी आलं असेल ते तिचं तोंड, अगदी जवळ, त्याच्याकडेच बघणारं, झालं का असं विचारणारं.

अण्णांनी कप खाली ठेवला होता. दोन्ही हात उचलून त्यांनी तळवे समोर हवेत टेकवले, बोटं पसरून, कडेपासून चार बोटं आत. “अशी धरायची,” म्हणाले. “मी सांगेपर्यंत सोडायची नाही.”